खाली पाहणारी यशोदा

नंदानगर, इंदूर
२८ जून १९९८

चि. सौ. चारू,

वहिनीचे तुला आणि निधीला आशीर्वाद, शामरावांना नमस्कार. इकडे सगळं ठीक म्हणायचं. निशांतला सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात काम लागलं होतं, ते टिकलं आहे. पोरगा दिवसभर दुसऱ्यांना बिजागऱ्या नि कोयंडे विकतो आणि आपल्याच दाराचा कोयंडा लटकतोय ते त्याला दिसत नाही. माझे गुडघे दुखतात. त्याला इलाज नाही, म्हणून पुन्हा त्याबद्दल लिहिणार नाही.

तुझं जाड पाकीट बुधवारी मिळालं. पोस्टमन म्हणाला, “क्या आंटीजी, मिल के केस का कागज आया क्या?” आमच्या मुहल्ल्यात पाकीट जाड असलं की सगळ्यांना कोर्टच आठवतं. मी म्हटलं, नाही भिया, माझ्या नणंदेनं मिलवर कहाणी लिहिली आहे. तर म्हणतो, “एक ही बात है. दोनों का फैसला नहीं आता.”

तुझ्या गोष्टीचा फैसला मात्र आला आहे, असं तुझ्या चिठ्ठीवरून दिसतं. संपादकांनी ती परत केली. ‘लेखन नीटस आहे, पण बंद गिरणीवरच्या कथांचा आमच्याकडे ढीग पडला आहे. यात तुमचं काय आहे?’ असं विचारलं. पुन्हा लिहून गणपती संपता संपता पाठवली तर दिवाळी अंकासाठी बघू म्हणाले, हेही काही थोडं नाही. तू इतकी वर्षं लिहितेस आणि कुणाला तुझं नाव आठवत नाही, याचं तुला वाईट वाटतं. वाटणारच. या वेळी झालं नाही तर लिहिणं सोडून देईन, असं लिहिलं आहेस. ते वाचून मला बरं वाटलं नाही.

‘वहिनी, आपल्या घरात तुझ्याएवढं कुणी वाचलेलं नाही, तूच सांग, बाकीच्यांपेक्षा वेगळं कसं लिहायचं,’ असं विचारतेस. चारू, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. लग्नानंतर वाचायला लागले. कृष्णपुऱ्याकडच्या आपल्या मराठी वाचनालयात दिवाळी अंक येतात, मोठमोठी माणसं आधी नेतात, माझ्यापर्यंत येईतो होळी होते. मला गोष्ट आवडली की नाही एवढं कळतं. का, ते सांगता येत नाही. तरी प्रयत्न करते.

तुझ्या गोष्टीत भोंगा थांबतो. चिमणी थंड पडते. लक्ष्मण दारू प्यायला लागतो, बायको मंगळसूत्र काढून देते, आणि शेवटी तो मिलच्या फाटकाशी कोसळतो. यातलं काही खोटं नाही. आमच्या गल्लीतच घडलेलं आहे. पण हे मी इतक्यांदा वाचलं आहे की आता चिमणी आली की मी पान उलटते. माझ्या तर खिडकीतून ती रोज दिसते.

वाचनालयातल्या टेबलावर अंक पसरलेले असतात. हल्ली सगळे चकचकीत, आत टीव्हीच्या नि मोटारसायकलींच्या जाहिराती. मी उभ्यानंच एखाद्या गोष्टीचं अर्धं पान वाचते. त्यात एखादं माणूस असं भेटलं की जे दुसऱ्या कुणाच्या घरात खपलं नसतं, तर तो अंक घरी येतो. नाही तर टेबलावरच राहतो. मी निवडते ती अशी. तुझा लक्ष्मण कुणाच्याही घरात खपेल.

आणि त्याची बायको. तिला तू नावसुद्धा दिलं नाहीस. पानोपान रडते आहे. मला डोळ्यांसमोर धरून लिहिली असशील तर सांगते, मी इतकी रडले नाही. सवड नव्हती.

शेवटी तू विचारलंस की तुझा दादा जाताना काय म्हणाला. तुला गोष्टीच्या शेवटासाठी हवं आहे, हे मला समजलं. रागावले नाही. पण आज हात दुखतो आहे.

निधीला दूध पीत जा म्हणावं.

तुझी,
वहिनी

*

नंदानगर, इंदूर
२ ऑगस्ट १९९८

चि. सौ. चारू,

आशीर्वाद. तुझं दुसरं पाकीटही पोचलं. रागात लिहिलं आहेस, ते अक्षरावरून दिसतं. ‘तुला काय, तू नुसती वाचतेस,’ हे वाक्य दोनदा वाचलं. बरोबर आहे. नुसती वाचते.

आता तू गोष्ट बदलली आहेस. या वेळी चिमणीच बोलते. वेगळं म्हणून केलंस, हो ना? वाचताना मला आधी हसू आलं, मग तुझी दया आली. चारू, चिमणी बोलू लागली खरी, पण बोलते तेच जे आधीचा लक्ष्मण बोलत होता. आणि चिमणीला आमच्या घरातलं काय माहीत? ती बाहेरून बघते. तूही बाहेरूनच बघते आहेस.

हे जरा तिखट झालं. असू दे.

तू लिहिलं आहेस, ‘भोंगा बंद झाला आणि वस्तीवर भयाण शांतता पसरली.’ हेही सगळ्यांच्याच गोष्टींत असतं. मी तुला आमच्या घरातली शांतता सांगते. तुझा दादा सांचेखात्यात, मागांच्या त्या खडखडाटात उभा राहून आयुष्यभर काम करत होता. तिथं कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मग घरीही हे ओरडूनच बोलायचे. तुला आठवत असेल. आमच्याकडे काय भाजी आहे ते चौथ्या घरात कळायचं. “मीठ दे” म्हणाले तरी नव्या माणसाला वाटायचं भांडण चाललं आहे. नवी नवरी असताना मी त्या आवाजाला भ्यायचे.

मिलला टाळं लागलं आणि काही महिन्यांत हा आवाज खाली आला. आपोआप. एका सकाळी मी भाकरी थापत होते, हे मागे बसून काहीतरी म्हणाले आणि मला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, काय म्हणालात? तर पुन्हा हळूच म्हणाले. काय म्हणाले ते काही विशेष नव्हतं. चहाचंच काहीतरी. पण लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि नवरा माझ्याशी हळू आवाजात बोलला तो तेव्हा पहिल्यांदा.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. शेजारणींचे दागिने जात होते, कुणाचा मुलगा शाळेतून काढला जात होता. आमच्याकडेही काही वेगळं नव्हतं. पोळीला तेल लावायचं बंद झालं होतं. अशा दिवसांत मला बरं वाटतंय, हे कुठल्या तोंडानं सांगणार? रात्रपाळी नाही, भोंगा नाही, दुपारी नवरा घरी. मी शिवणाचं मशीन चालवायची, हे काजं-बटणं करायचे. ती दोन-अडीच वर्षं मला सुखाची गेली, चारू. मिल बंद पडल्याच्या गोष्टींत हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. लिहावं की नाही मला माहीत नाही.

परवा बाबूराव आले होते. तुला आठवतात ना, दादाच्या शेजारच्या मागावर असायचे, तुला ‘नाशिकवाली मेमसाब’ म्हणून चिडवायचे ते. झांक्यांच्या देखाव्यांची तैयारी सुरू झाली म्हणाले. मिल बंद, पण अनंत चतुर्दशीला मिलची झांकी निघणार म्हणजे निघणार. चंदा मागत फिरताहेत. दुकानदार आता तोंड फिरवतात. बराच वेळ बसले, चहा घेतला, काहीतरी बोलायचं होतं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मला अंदाज आला होता.

तू पुन्हा विचारलं आहेस, दादा शेवटी मिलबद्दल काय म्हणाला. एक सांगते, मिलबद्दल काही म्हणाले नाहीत. बाकीचं राहू दे.

झांकीवरून एक गोष्ट आहे माझ्याकडे. ती तू पाहिली नाहीस, त्या वर्षी तुला यायला जमलं नव्हतं. तुझ्या संपादकांना हवं तसं कदाचित तेच असेल. पण ती मी कुणाला दिलेली नाही. छापून आली की ती सगळ्यांची होणार, मग माझ्याकडे काय उरलं? तू रागावशील. रागाव.

गोष्ट लिहिणं सोडू नकोस. शामरावांच्या खोकल्याला ज्येष्ठमध द्यावा.

वहिनी

*

नंदानगर, इंदूर
७ सप्टेंबर १९९८

चि. सौ. चारू,

काल सकाळी झांक्या परतल्या. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिल्या आणि घरी येऊन झोपले. आज उठून हे लिहिते आहे. गणपती संपले, तुझी मुदतही संपत आली असेल. म्हणून हे पत्र रजिस्टर करणार आहे.

आता ती गोष्ट सांगते.

तू लहानपणी दादाच्या खांद्यावर बसून झांक्या पाहिल्या आहेस. तुझ्या वाचकांना मात्र सांगावं लागेल की प्रत्येक मिलच्या ट्रॉल्या निघायच्या, त्यांवर विजेवर हलणारे देव, राक्षस, नद्या, पर्वत, आणि मग कुठल्या मिलचा पहिला नंबर यावर वर्षभर भांडणं. सगळ्यांचं सामान तेच. तोच कृष्ण, तोच रावण, त्याच कॅलेंडरातल्यासारख्या गोऱ्या गुळगुळीत बाया. चेहरे बाहेरचा कलाकार ठशातून काढून द्यायचा. एकच कलाकार, एकच ठसा. दोन मिलच्या सीता शेजारी ठेवल्या तर रामाला ओळखता येऊ नये.

टाळं लागल्यावर तिसऱ्या वर्षी कलाकाराला बोलवायला काही नव्हतं. तेव्हा तुझा दादा म्हणाला, चेहरा मी करतो. यांनी कधी मातीचा बैलसुद्धा केला नव्हता. बाबूराव म्हणाले, “गजाभिया, ये कपडा बुनना है क्या?” पण दुसरा कुणी पुढं आला नाही. देखावा ठरला होता यशोदेचा. कृष्णानं माती खाल्ली आहे, तो तोंड उघडतो आणि आईला त्यात सगळं विश्व दिसतं.

फाटकाजवळच्या शेडमध्ये काम चालायचं. मी दुपारी डबा घेऊन जायची. यांचे हात कागदाच्या लगद्यात, म्हणून म्हणायचे, तू बस, काहीतरी वाच. मग मी वाचनालयातला अंक घेऊन समोरच्या पेटीवर बसायची आणि मोठ्यानं वाचायची. बाकीचे कामगारही बांबू बांधता बांधता ऐकायचे. गोष्ट आवडली नाही की बाबूराव सरळ सांगायचे, “वहिनी, याला पुढच्या स्टेशनवर उतरवा.” मी तो अंक मिटून दुसरा काढायची. हे करत गणपतीचे दिवस येऊन ठेपले.

चेहरा वाळला, रंग लागला, धडावर बसवला. सगळे मागे सरकून बघायला लागले. मग कुणीतरी हसलं. यशोदेच्या नाकावर दोन्ही बाजूंनी खळगे होते, चष्म्याचे. माझ्या नाकावर आहेत तसे. आणि तिचे डोळे खाली होते. समोर पोर तोंड उघडून विश्व दाखवतं आहे आणि ही बाई मांडीकडे बघते आहे.

बाबूराव म्हणाले, “मैया का ध्यान कहाँ है, भिया? लल्ला ने मिट्टी खा ली और ये किताब पढ़ रही है!”

सगळे इतके हसले की शेडचे पत्रे वाजले. तुझा दादा काही हसला नाही. चेहऱ्याजवळ गेला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चेहऱ्याकडे बघितलं. यांना खरंच कळलं नव्हतं. “बाईचा चेहरा म्हणजे मला असाच माहीत आहे,” एवढं म्हणाले. तेही हळू आवाजात. लाजेनं मी डबा तिथंच विसरून घरी आले.

बदलायला वेळ नव्हता. तशीच ती निघाली. नंबर काही लागला नाही. ज्यांचा लागला त्यांच्या रावणाच्या तोंडातून धूर निघत होता. पण आमच्या ट्रॉलीजवळ बाया थांबायच्या. कडेवरचं पोर सांभाळत एक म्हातारी म्हणाली, “ये थकी हुई है बेचारी.” आणि हात जोडले. बाकीच्या यशोदांना लोकांनी पाहिलं आणि पुढं गेले. हिला पाहून बाया आपसात काहीतरी बोलायच्या. हे यांनी ठरवून केलं नव्हतं. यांना कुणापेक्षा वेगळं काही करायचं नव्हतंच. नीट, सगळ्यांसारखा चेहरा करायचा होता, तो जमला नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मिलनं यशोदेला खराखुरा चष्मा लावला. लोक हसले. गोगलवाली मैया म्हणाले. त्यापलीकडे काही नाही. तो चष्मा कुणाचा नव्हता ना.

पण हे बघायला तुझा दादा नव्हता.

तो चेहरा मग शेडमध्ये खुंटीवर असायचा. कागद वाया घालवायचा नाही म्हणून दर वर्षी रंगवून नवं काम द्यायचे. एकदा ती पाळणा हलवणारी कौसल्या झाली, एकदा अनसूया. नजर खालीच. मी दर वर्षी जाऊन बघून यायची. कुणाला सांगत नव्हते. देवळात जातो तसं म्हण, किंवा माहेरी.

बाबूरावांना तेच बोलायचं होतं. दहा दिवसांनी पुन्हा आले. म्हणाले, “वहिनी, यंदा कालियामर्दन ठरलंय. फणे करायचेत. लगद्याला कागद पुरत नाही. आणि तो चेहरा… उंदरांनी नाक खाल्लंय त्याचं.” मान वर करत नव्हते. “गजाभियाची चीज आहे. तुम्ही नाही म्हणाल तर हात लावणार नाही. कसम से.”

मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत विचार करायला वेळ मिळाला. मग म्हटलं, भिजवा.

काल नागाचे फणे डोलत माझ्यासमोरून गेले. चांगले झाले आहेत, हिरवे, डोळ्यांत दिवे. कुठल्या फण्यात ती आहे ते ओळखायला काही मार्ग नव्हता. बाबूराव ट्रॉलीबरोबर चालत होते, मला पाहून त्यांनी तोंड वळवलं. तेव्हा मला कळलं की आता ती फक्त आमच्या आठवणीत आहे. बाबूराव म्हातारे झाले. मीही. निशांतनं तेव्हा नीट पाहिलंच नव्हतं. जपून ठेवलं तर माझ्याबरोबर जाईल. म्हणून तुला देते आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न.

दादा फाटकाशी गेला नाही. मिलकडे बघत गेला नाही. छातीचं दुखणं होतंच, तुला माहीत आहे. चैत्रातली दुपार होती, हे खाटेवर पडले होते आणि मी वाचत होते. मध्येच मला वाटलं झोप लागली, म्हणून थांबले. तर डोळे मिटूनच म्हणाले, “थांबू नकोस. पुढं?”

मी पुढं वाचत गेले. चांगली दोन पानं वाचली असतील. मग काही कारण नसताना वर बघितलं.

एवढंच. ‘पुढं’ म्हणाले. तुला यापेक्षा मोठं काही हवं असेल तर माझ्याकडे नाही. त्या गोष्टीचा शेवट मी वाचला नाही. निशांतनं अंक परत केला. तो अंक वाचनालयाच्या कपाटात आहे, त्याची पाठ मला दिसते, मी दुसरा मागते.

तू विचारलं होतंस की इतक्या लिहिणाऱ्यांत कुणी आपलंच का वाचावं. मला एवढंच ठाऊक आहे की त्या शेडमध्ये बाबूराव भल्याभल्यांना उतरवायचे, आणि काही गोष्टींना मात्र हातातला बांबू तसाच धरून “मग?” म्हणायचे. त्या कुणी लिहिल्या होत्या, मला नावं आठवत नाहीत. माणसं आठवतात.

आता लिही. फक्त दोन गोष्टी ऐक. तिच्या डोळ्यांत पाणी घालू नकोस, ती वाचत होती. आणि लक्ष्मण हे नाव काढ. मी जन्मात यांचं नाव घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा लाजून अर्धंच घेतलं, सासूबाई रागावल्या होत्या. आज लिहिते. गजानन. गोष्टीत त्यांचं नाव गजानन ठेव. तिचंही नाव दे. तुला माहीत आहे ते.

अंक निघाला की मला एक पाठव. वाचनालयाची वाट बघणार नाही. दुपारी दार लावून मोठ्यानं वाचीन. शेवट काय केला आहेस ते आधी कळवू नकोस.

गजाननची,
कुमुदिनी